पहिल्यांदाच स्वतःची बोट हंगामाला सोडताय? मग आधी हे वाचून घ्या

चाकणची नोकरी सोडून मी रत्नागिरीतल्या हर्णै बंदराला परत आलो तेव्हा बोटीतलं मला काय कळत होतं तर लहानपणी सुट्टीत खाल्लेला वारा आणि ओकारी, बस. बाबांचा गुडघा गेला, बोट विकायची नाही असं आईने ठरवलं आणि जूनमध्ये चावी माझ्या हातात आली. पहिल्या वर्षी मी सगळं सामान घेतलं, यादीतली एक वस्तू सोडली नाही, आणि तरी तिसऱ्या दिवशी अर्ध्यातून परत फिरलो. कारण सामान बोटीवर होतं पण त्यातलं निम्मं चालत नव्हतं. हे नंतर कळलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आमची बोट गिलनेटची (उभं जाळं टाकून त्यात मासा अडकवायचा), ३८ फुटी, लाकडावर फायबर मारलेली, सहा सिलिंडरचं इंजिन, तांडेल (बोट चालवणारा म्होरक्या) धरून सात माणसं, पाच-सहा दिवसांची ट्रीप. तुमची ट्रॉलर (जाळं ओढणारी) किंवा पर्ससीन (जाळ्याने मासा घेरणारी) असेल तर जाळ्याचं आणि परवान्याचं गणित वेगळं, पण बाकी बरंचसं सारखंच.

१. कागद आधी, रंग नंतर

आपल्या किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद. नवीन माणूस काय करतो, जून झोपून काढतो आणि जुलैच्या शेवटी धावपळ करतो. तेव्हा मेकॅनिक मिळत नाही, सुतार मिळत नाही, ऑफिसात रांग आणि साइट डाऊन. कागद जूनमध्येच काढून बघा, काय संपलंय ते लिहून काढा.

लागणारे कागद:
- बोटीचं रजिस्ट्रेशन (आता रिअलक्राफ्ट या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतं)
- मासेमारी परवाना, चालू वर्षाचा
- बोटीचा विमा आणि माणसांचा अपघात विमा
- मालक, तांडेल, खलाशी सगळ्यांची ओळखपत्रं, आधारच्या झेरॉक्स
- खलाशांची यादी फोटोसकट, सागरी पोलिसांकडे एक आणि बोटीवर एक
- मच्छीमार सोसायटीचं डिझेलचं पुस्तक

बोट सेकंडहँड घेतली असेल किंवा माझ्यासारखी वडिलांच्या नावावर असेल तर नाव बदलायचं काम सगळ्यात आधी सुरू करा. परवाना एकाच्या नावावर, विमा दुसऱ्याच्या, डिझेलचा परतावा तिसऱ्याच्या बँक खात्यात असा गोंधळ झाला की कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही. माझे दोन महिने फक्त स्पेलिंगमध्ये गेले, एका कागदावर बाबांचं नाव एक, दुसऱ्यावर वेगळं.

मत्स्यसंपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख मिळतात. नाव नोंदवलेलं असेल तरच हां. खलाशाला विचारा, तो हो म्हणेल, तरी स्वतः बघा.

आणि बोटीवरचा नंबर ठळक रंगवा. २००८ साली २६/११ ला पोरबंदरची कुबेर बोट पळवून अतिरेकी मुंबईत आले, तेव्हापासून समुद्रात कोस्टगार्ड, नेव्ही, सागरी पोलीस कोणीही थांबवून कागद मागू शकतं आणि ते बरोबरच आहे. कागद प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत, ती पिशवी डब्यात, डबा केबिनमध्ये वर. खाली ठेवलात तर पहिल्याच ट्रीपला लगदा.

२. बोट आणि इंजिन

रंगाची सगळ्यांना घाई असते कारण रंग दिसतो. पण रंगाआधी बोट कोरडी असताना टॉर्च घेऊन आतून सगळी फिरा, फळ्यांचे जोड, खिळ्यांच्या जागा, इंजिनाच्या खालचा भाग. टोकदार वस्तूने हलकं टोचून बघा, मऊ लागलं की सुताराला बोलवा.

पाण्याखाली पंख्याजवळ झिंकची प्लेट असते. समुद्राचं पाणी पंखा आणि शाफ्ट खायच्या आधी तिला खातं, तिचं कामच ते आहे. अर्धी झाली असेल तर बदला. आणि रंगाऱ्याच्या पाठीशी उभे राहा कारण तो जोशात त्या प्लेटवरही रंग मारतो, आणि रंग लागला की ती प्लेट असून नसल्यासारखी.

आता ग्लँड. पंख्याचा शाफ्ट बोटीतून बाहेर जातो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून दोरी भरलेली असते, ग्लँडदोरी म्हणतात. पावसाळ्यात बोट वर उभी राहिली की ती सुकून कडक होते. आमच्या तांडेलकाकांनी मला पहिल्या वर्षी इंजिनाजवळ उकिडवं बसवलं, माझा हात धरून शाफ्टवर ठेवला (इंजिन बंद होतं, घाबरू नका) आणि म्हणाले, "पोरा, शाफ्ट फिरताना हितून थेंब थेंब पडायला पाहिजे. धार लागली तरी वाईट आणि एकदम सुकं राहिलं तरी वाईट." मला वाटलेलं पाणी अजिबात नको, म्हणून मी पान्याने नट आवळून टाकले होते. तसंच गेलो असतो तर शाफ्ट तापून घासला गेला असता. जुनी दोरी हुकाने पूर्ण ओढून काढा, जुन्यावर नवीन भरू नका, वेटोळं एकच लांब न करता तुकडे कापून एकेक रिंग बसवा आणि प्रत्येक रिंगचा जोड वेगळ्या बाजूला येऊ द्या.

दुसरी भानगड डिझेल टाकीची. दोन महिने टाकी अर्धी राहिली की आत दमट हवेचं पाणी धरतं आणि ते तळाशी बसतं. किनाऱ्यावर इंजिन मस्त चालू होतं, आणि समुद्रात बोट हलायला लागली की तळाचा गाळ-पाणी वर येतं आणि इंजिन फुकफुक करून बंद. माझी पहिली ट्रीप यातच गेली. टाकीचा खालचा नट उघडून बाटलीत थोडं काढा आणि दहा मिनिटं ठेवून बघा, पाणी खाली वेगळं दिसतं.

बरोबर घ्यायचे स्पेअर: डिझेल फिल्टर दोन-तीन, फॅनबेल्ट, पाण्याच्या पंपाचं रबरी इंपेलर, होस पाइप आणि क्लिपा, इंजिन ऑइल, ग्लँडदोरी, फ्यूज, बल्ब, इन्सुलेशन टेप. आणि हे बदलायचे पाने. स्पेअर आहे आणि त्या मापाचा पाना घरी, हे सुद्धा मी केलेलं आहे.

३. जाळी

यावर मी ज्ञान देणार नाही, तांडेल सांगेल ते ऐका. फक्त तीन गोष्टी. फाटलेलं जाळं जूनमध्येच अंगणात पसरा, उंदराने कुठे कुरतडलंय ते कळतं. बोये (जाळं तरंगत ठेवणारे गोळे) आणि शिसं मोजून घ्या. आणि जाळ्याच्या टोकाच्या बोयाला लुकलुकणारा लाइट लावाच, नवीन सेल घालून, कारण रात्री न्हावाशेवा बंदराकडे जाणारी कंटेनर जहाजं जाळ्यावरून जातात आणि त्यांना कळतही नाही.

हो, आणि २०२३ पासून राज्यात किती लहान मासा पकडायचा नाही त्याची मापं ठरलीत, चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. जाळ्याचा आस (भोकाचं माप) घेताना हे डोक्यात ठेवा, दुकानदार काय, तो बारीक आसाचं पण देईल.

४. माणसं आणि उचल

इथे सगळ्यात जास्त पैसा बुडतो. खलाशी हंगामाआधी उचल मागतात, ती द्यावीच लागते, त्याशिवाय माणूस येत नाही. पण नवीन मालक दिसला की एकच माणूस दोन बोटींकडून उचल घेतो आणि तिसऱ्याच बंदरात चढतो. उचल टप्प्याने द्या, थोडी ठरल्यावर, थोडी बंदरात हजर झाल्यावर. खात्यावर पाठवा, रोख नको, आणि साध्या वहीत तारीख टाकून सही घ्या.

आधी तांडेल ठरवा, मग त्याला त्याची माणसं आणू द्या. मी उलटं केलं, पाच खलाशी गोळा करून मग तांडेल शोधला, तो म्हणाला यातल्या दोघांबरोबर मी जात नाही. झालं.

नेपाळची पोरं असतील (आपल्याकडे आता खूप असतात, कामाला चांगली) तर त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि घरचा फोन नंबर घ्या आणि सागरी पोलिसांकडे नोंद करा. पोहता येतं का ते तोंडी विचारू नका, भरतीला खाडीत घेऊन जा. लाजेने कोणी नाही म्हणत नाही.

वाटा कसा पडणार, डिझेल-बर्फ-रेशनचा खर्च आधी वजा की नंतर, हे बोट सुटायच्या आधी सगळ्यांसमोर बोला. पहिल्या लिलावानंतर बोललात तर भांडण ठरलेलं.

५. जीव वाचवायचं सामान

- लाइफ जॅकेट माणशी एक, वर दोन जास्त
- लाइफ बॉय, त्याला तरंगणारी दोरी बांधलेली
- व्हीएचएफ सेट (बोटीवरचा वायरलेस)
- डॅट किंवा ट्रान्सपाँडर (संकटात निरोप पाठवायचं यंत्र, खाली सांगतो)
- जीपीएस, आणि साधं होकायंत्र पण
- आग विझवायचा सिलिंडर, वाळूची बादली
- पाणी उपसायचा पंप, आणि बादल्या, कारण पंप बंद पडतो, बादली नाही
- नांगर दोन, साखळीसकट, दोर पाण्याच्या खोलीच्या पाच-सहा पट तरी
- टॉर्च, शिट्टी, आरसा, धारदार सुरी (पंख्यात जाळं अडकलं की तीच लागते)

जॅकेट कुठे ठेवता ते महत्त्वाचं. मी बर्फाच्या खणावर फळी टाकून त्याखाली नीट घडी करून ठेवलेली, वर रेशनची पोती. तांडेलकाकांनी बघितलं आणि विचारलं, बुडताना आधी तांदूळ काढायचा काय? आता केबिनच्या बाहेर खिळ्याला टांगलेली असतात.

व्हीएचएफचं चॅनेल १६ सगळ्यांचं, तिथे गप्पा नाहीत, फक्त हाक आणि अडचण. सेट चालू होतो म्हणजे आवाज पोचतो असं समजू नका. माझ्या सेटचा दिवा छान पेटायचा, पण अँटेनाच्या वायरचा जोड खाऱ्या हवेने हिरवा पडलेला, आवाज पुढच्या बोटीलाही जात नव्हता. जोड उघडून घासा आणि दुसऱ्या बोटीला दोन-तीन मैलांवर पाठवून बोलून बघा.

डॅट हे इस्रोने बनवलेलं यंत्र, संकटात बटण दाबलं की सॅटेलाइटवरून कोस्टगार्डला बोटीची जागा कळते. जुनी बोट घेतलीत तर त्यावर जुन्या मालकाची नोंद असते, बटण तुम्ही दाबणार आणि फोन त्याला जाणार. नोंद बदलून घ्या, बॅटरीची तारीख बघा. आता नवीन ट्रान्सपाँडर पण येतायत, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला त्या योजनेची सुरुवात झाली, नभमित्र ॲपला जोडून त्यावर मेसेज दोन्ही बाजूंनी जातात. मिळत असेल तर घ्या, फुकट आहे. २० मीटरच्या वरच्या बोटींना एआयएस (आसपासच्या जहाजांना आपली जागा दाखवणारं यंत्र) पण लागतं.

कोस्टगार्डचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. केबिनच्या दाराला रंगाने लिहून ठेवा, मोबाइलमध्ये सेव्ह करून उपयोग नाही, मोबाइल ज्याचा त्याला लॉक असतो.

लाइटी: उजवीकडे हिरवी, डावीकडे लाल, आणि जाळं टाकलेलं असताना गिलनेटवाल्याने वर लाल त्याखाली पांढरी. ट्रॉलर ओढत असेल तर हिरवी वर, पांढरी खाली. बरेच जण डिस्कोसारख्या रंगीत पट्ट्या लावतात, लांबून दिसते भारी, पण समोरच्या जहाजाला तुम्ही येताय का जाताय ते समजत नाही.

आणि बॉम्बे हायच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मजवळ मासा असतो हे खरं, पण ५०० मीटरच्या आत जायचं नाही. "सगळेच जातात" हे ऐकून जाऊ नका.

६. डिझेल किती भरायचं

अंदाजपंचे टाकी फुल करू नका आणि पैसे वाचवायला कमी पण भरू नका. माझं गणित देतो. माझं इंजिन १०५ एचपीचं, साध्या चालीला तासाला १२ लिटरच्या आसपास खातं. बोट ताशी ७ मैल, जायचं ४० मैलांवर, म्हणजे जायला सहा तास, यायला सहा, मिळून साधारण १५० लिटर. वर पाच दिवस जाळं टाकणं-ओढणं, हळू चाल, रोज आठ तास, तासाला ५-६ लिटर, म्हणजे अजून २४० पर्यंत. झाले ३९०. यावर अर्धं जास्त धरा, ५८०-६०० भरा. हे जास्तीचं तुम्हाला वाटेल फुकट वजन, पण वारा समोरून आला की सहा तासांचे दहा होतात, आणि वादळाचा निरोप आला की हर्णैला न येता जयगडला किंवा आणखी खाली पळावं लागतं.

तुमच्या इंजिनाचा आकडा वेगळा असेल. एक ट्रीप काठीने टाकी मोजून लिहून काढा, मग कोणाला विचारायला नको.

७. बर्फ

बर्फ सगळ्यात शेवटी चढवायचा. आमच्याकडे हर्णैला बोटी पाण्यात सुवर्णदुर्गाच्या बाजूला उभ्या, बर्फ बैलगाडीतून पाण्यापर्यंत, तिथून छोट्या होडीने बोटीवर. एवढ्यात ऊन असेल तर डोळ्यांसमोर पैसा वितळतो. म्हणून भरतीची वेळ बघून फॅक्टरीला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि गाडीवर ओलं गोणपाट टाका.

किती घ्यायचा? आपल्या हवेत किलोला किलो, म्हणजे जेवढा मासा अपेक्षित तेवढा बर्फ, आणि पाच दिवसांत वितळणारा वेगळा. मी तीन टन घेतो. खण आधी ब्लीचिंग पावडरने धुऊन, उन्हात दोन दिवस उघडा ठेवून कोरडा करा, नाहीतर मागच्या हंगामाचा वास नवीन पापलेटला लागतो आणि लिलावात बाई नाकाजवळ धरून टोपली सरळ बाजूला सारते.

भरताना तळाला बर्फाचा जाड थर, मग मासा, मग बर्फ, आणि लाकडाला मासा कुठेच टेकू द्यायचा नाही. बारीक फोडलेला बर्फ घ्या, मोठ्या खड्यांच्या कोपऱ्यांनी माशाला खळगे पडतात, ते भावात कापतात.

८. रेशन, पाणी, औषधं

तांदूळ माणशी दिवसाला अर्धा किलो धरा, समुद्रात भूक दुप्पट लागते. डाळ, तेल, कांदे, बटाटे, मसाला, कोकम, मीठ, साखर, चहापत्ती, दूध पावडर. म्हावरं बोटीवर मिळतंच, पण पहिल्या दिवशी मिळेलच असं नाही, सुकट बरोबर असू द्या. चहापत्ती हिशोबापेक्षा दुप्पट. रेशन कमी पडलं तर लोक सांभाळून घेतात, चहा संपला तर तोंडं बघण्यासारखी होतात.

पिण्याचं पाणी एका मोठ्या टाकीत नको, कॅनमध्ये वाटून भरा. एक फुटला तरी बाकीचे राहतात. गॅसची टाकी उघड्यावर डेकला बांधलेली, केबिनमध्ये किंवा खाली कधीच नाही, गळलेला गॅस तळाला जाऊन बसतो.

औषधांत ओआरएस, भाजल्याचं मलम, पट्ट्या, तापाच्या गोळ्या, उलटीच्या गोळ्या. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो हात-पाय अर्धा-एक तास बुडवून ठेवायचा, कळ बरीच उतरते, मग किनाऱ्यावर येऊन डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना हंगामाआधी.

९. कधी सुटायचं

कायद्याने १ ऑगस्टला सुटता येतं. पण ऑगस्टच्या सुरुवातीला दर्या अजून खवळलेला असतो, म्हाताऱ्या लोकांनी नारळी पौर्णिमेचा रिवाज उगाच ठेवला नाही. अर्थात पौर्णिमा पण फिरते, २०२५ ला ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात होती आणि २०२६ ला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, त्यामुळे फक्त तिच्यावर बसून चालत नाही. नारळ द्या, पूजा करा आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पण वाचा. बंदरावर तीन नंबरचा (धोक्याच्या इशाऱ्याचा) बावटा लागला की विषय संपला. शेजारची बोट सुटली म्हणून आपण सुटायचं नाही.

मासा कुठे असेल त्याचा इन्कॉइस या सरकारी संस्थेचा अंदाज मराठीत मिळतो, तो घ्या, पण ढग असले की तो येत नाही.

आणि पाऊस संपला म्हणजे धोका संपला असं नवीन माणसाला वाटतं. २०१९ चं क्यार वादळ ऑक्टोबरच्या शेवटी आलं, ऐन हंगामात, कितीतरी बोटींनी देवगडला आसरा घेतला होता. म्हणून आपल्या वाटेवरची आसऱ्याची ठिकाणं आणि तिथे आत शिरायची भरतीची वेळ तांडेलबरोबर बसून लिहून ठेवा. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ आहे, ओहोटीला घुसायला गेलात तर बोट टेकते, आणि मागून लाट असली की आडवी होते.

१०. आदला दिवस

बर्फ सोडून सगळं भरून बोट चार तास फिरवून आणा. खरं वजन, खरी माणसं. इंजिन तापवा, ग्लँड बघा, पंप चालवा, व्हीएचएफवर बोला, सगळ्या लाइटी रात्री लावून दुसऱ्या बोटीवरून बघा, नांगर टाकून परत उचला, आणि न सांगता ओरडा "जॅकेट घाला" आणि घड्याळ लावा. आमची पहिली वेळ चार मिनिटं होती आणि एकाने उलटं घातलेलं.

मग घरी एक कागद ठेवायचा. बोटीचा नंबर, कोण कोण आहे, त्यांच्या घरचे फोन, कुठल्या दिशेला किती मैल, किती डिझेल, परत कधी, आणि कुठल्या वेळेपर्यंत नाही आलो तर १५५४ ला फोन. आमच्याकडे तो फ्रिजला चिकटवलेला असतो. आई बोट परत आली की तो काढते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या ट्रीपच्या रेशनची यादी लिहायला घेते.